घराबाहेर लाकडाचा बॉयलर स्वतः बनवायचाय, बंबासारखा चालेल का?

बर्फातला_बंब

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मी मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, होटन गावाजवळ राहतो. नकाशात लेक सुपीरिअरच्या पाण्यात कुणीतरी बोट बुडवल्यासारखी जमीन दिसते ना, ती किविनॉ. तिथे. आमच्याकडे बर्फ किती पडतो हे सांगायला हमरस्त्याच्या कडेला एक भलीमोठी उभी पट्टीच रोवून ठेवली आहे. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच पडला होता. म्हणजे साडेबत्तीस फूट. आता तेवढा पडत नसला तरी फावडं नोव्हेंबरात हातात येतं ते एप्रिलमध्ये सुटतं.

घर जुनं, तांब्याच्या खाणींच्या जमान्यातलं. लाकडी, १५०० चौरस फूट, खिडक्यांखाली ओतीव लोखंडाचे रेडिएटर, तळघरात प्रोपेनवर चालणारा बॉयलर. गेल्या हिवाळ्यात ९०० गॅलन प्रोपेन गेला. बिल बघून बायको म्हणाली, "एवढ्यात चार महिने कोकणात राहून आलो असतो." दुसरीकडे मागच्या १२ एकरांत शुगर मेपल आणि पिवळा बर्च माजलाय, दरवर्षी वादळात पाच-सहा झाडं आडवी होतात, ती तशीच कुजतात.

तर डोक्यात आलंय की घरापासून ११० फुटांवर एक लाकडाचा बॉयलर उभा करावा. कल्पना सरळ आहे. माझ्या आजोळी, संगमेश्वरजवळ, न्हाणीत तांब्याचा बंब होता. मधे जाळाची नळी, भोवती पाणी, खाली जाळी, बाजूला तोटी. सोडणं आणि झावळ्यांचे पिढे घातले की वीस मिनिटांत कढत पाणी. तोच बंब मोठा करायचा. शेजारच्या गावात ५०० गॅलनची प्रोपेनची जुनी टाकी मिळतेय. तिचा ६ फुटांचा तुकडा कापायचा, आत २४ इंच व्यासाचा जाड पाइप आडवा घालायचा, त्यात लाकूड. दोन्हींच्या मधे सुमारे २०० गॅलन पाणी. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला चिमणी. तिथून जमिनीखालून नळ्या तळघरात, पंपाने पाणी फिरवायचं. घरातली यंत्रणा बंद असते, पाणी १२-१५ पीएसआय (चौरस इंचावर पौंड) दाबाखाली, म्हणून हाही बंदच ठेवायचा आणि थेट जोडून टाकायचा असा विचार आहे. वेल्डिंग मला येतं. म्हणजे ट्रेलर आणि फाटकं केली आहेत.

पत्रा किती जाडीचा हवा, नळ्या किती खोल पुरायच्या, चिमणी किती उंच, यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा. पुढच्या ऑक्टोबरात पेटवायचाय.

अवांतर: तांब्याच्या खाणींच्या गावात राहून बंब लोखंडाचा करावा लागतोय, याचं जरा वाईट वाटतं.

लाकूडतोड्या

स्वागत आहे! मी विस्कॉन्सिनच्या उत्तरेला. माझ्याकडे बाहेरचा बॉयलर तीन हिवाळे चाललाय. विकतचा, जुना, दुसऱ्या मालकाकडून घेतलेला. त्यामुळे भट्टीबद्दल मी बोलत नाही, नळीबद्दल बोलतो. कारण त्यात मी हात पोळून घेतलेत.

पहिल्या वर्षी पैसे वाचवायला मी स्वस्तातली नळी घेतली. दोन पेक्स (प्लास्टिकच्या) नळ्या, त्यांना चंदेरी बुडबुड्यांचा कागद गुंडाळलेला आणि वरून शेतातल्या निचऱ्याला वापरतात तसा काळा वळ्यांचा पाइप. दुकानदार म्हणाला, छान आहे, सगळे हीच नेतात. डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला आणि सकाळी बघतो तर बॉयलरपासून घरापर्यंत हिरव्या गवताचा सरळ पट्टा! भोवती दोन फूट बर्फ, मधे गवत. आमचा कुत्रा, जो एरवी जानेवारीत दाराबाहेर पाय ठेवत नाही, तो दिवसभर त्या पट्ट्यावर पसरलेला असायचा. शेवटी मी दोन्ही टोकांना तापमापक बांधले. बॉयलरमधून ८२ अंशांनी निघालेलं पाणी घरात ७७ ला पोचत होतं, मिनिटाला २० लिटर या वेगाने. हिशेब करा: २० गुणिले ६० गुणिले ५, तासाला ६००० किलोकॅलरी. जवळजवळ ७ किलोवॉट मी कुत्र्याला देत होतो. परतीच्या नळीतलं वेगळंच.

वसंतात उकरलं तेव्हा कळलं, बाहेरच्या काळ्या पाइपमध्ये पाणी शिरलं होतं आणि दोन्ही नळ्या त्यात डुंबत होत्या. आता ज्याच्यात घट्ट फोम भरलेला असतो, नळीला चिकटून, पाणी शिरायला जागाच नाही, तो पाइप घातलाय. फुटाला किंमत विचारलीत तर खुर्चीवर बसून विचारा. पण गवत आता एप्रिलशिवाय दिसत नाही. कुत्रा नाराज आहे.

खोलीचं म्हणाल तर चर जिथे ओलसर राहतो तिथे कितीही खोल गेलात तरी उपयोग नाही. आधी पाण्याचा निचरा बघा. आणि वाहनं जातात त्या वाटेखाली जास्त खोल जा, दाबली गेलेली आणि बर्फ काढलेली जमीन जास्त खोलवर गोठते.

कुडकुडे_ताई

मी न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात राहते. आवडणार नाही कदाचित, पण दुसरी बाजू पण मांडते.

आमच्या शेजाऱ्याकडे असाच एक घरी बनवलेला बॉयलर होता. चिमणी जेमतेम दहा फूट. घरात उष्णता पुरेशी झाली की हवा बंद होऊन आग नुसती धुमसत राहायची, आणि तो धूर वर जाण्याऐवजी जमिनीलगत सरपटत आमच्या अंगणात यायचा. दाट, पिवळट, डांबराच्या वासाचा. माझ्या मुलाला दमा आहे. दोन हिवाळे आम्ही खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावून काढले. शेजारी माणूस म्हणून चांगला होता हो, स्वतः येऊन आमचा ड्राइव्हवे साफ करायचा. पण "लाकडाचा धूर आहे, नैसर्गिक आहे" यापुढे त्याची गाडी जात नव्हती.

आमच्या राज्यात २०११ पासून नवा बाहेरचा बॉयलर प्रमाणित असल्याशिवाय बसवताच येत नाही आणि चिमणी जमिनीपासून किमान १८ फूट लागते. देशपातळीवर ईपीएने (केंद्राचं पर्यावरण खातं) २०१५ मध्ये या बॉयलरांसाठी धुराची मर्यादा आणली आणि मे २०२० पासून ती आणखी कडक केली. तुमच्याकडे टाउनशिपचा (म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीचा) नियम काय आहे तो वेल्डिंगचं मशीन बाहेर काढायच्या आधी विचारा. घराच्या विम्यालाही. घरी केलेली भट्टी म्हटल्यावर विमावाले काय म्हणतील ते लेखी घ्या, फोनवरचं "इट्स फाइन" धरून चालू नका.

बर्फातला_बंब

ताई, आवडलं नाही असं काही नाही. माझा सगळ्यात जवळचा शेजारी पाव मैलावर आहे, फिनिश वंशाचे आजोबा, ऐंशीच्या घरातले. तरी टाउनशिपमध्ये सोमवारी जातो.

लाकूडतोड्या, कुत्र्याचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. आमच्याकडे कुत्रा नाही, हरणं आहेत. ती रांग लावतील.

अमितप्रभा

हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र, का नाही? आजकाल उणे २५ अंशांना चालणारे येतात.

बर्फातला_बंब

बघितलाय. पण रेडिएटर जुने, त्यांना पाणी चांगलंच गरम लागतं. शिवाय वादळात वीज गेली की दीड-दोन दिवस येत नाही. आणि खरं सांगू का, मला बनवायचंय.

जुना_फायरमन

शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. नाहीतर "विकत घ्या" एवढंच लिहून झोपणार होतो.

मी सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात ३४ हंगाम बॉयलरवर काढले. फर्स्ट क्लास अटेंडंट. आता निवृत्त आहे, नातवाने मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकवलंय. तुम्ही पत्र्याची जाडी विचारताय. जाडी शेवटी. आधी बंबाकडे बघू, कारण तुम्ही बंबातलं नको ते उचललंय आणि हवं ते टाकून दिलंय.

बंबात शहाणपणाची गोष्ट कुठली? त्याचं सैल झाकण. पाणी उकळलं की झाकण थडथड वाजतं, वाफ निघून जाते, आजी ओरडते, "अरे, पाणी ओता." बस. बंब कधी फुटत नाही कारण तो कधी बंदच नसतो. तुम्ही नेमकं तेच झाकण वेल्ड करून टाकायला निघालात.

१४-१५ पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर १ किलो. ऐकायला काहीच नाही. पण १ मीटर लांब, १ मीटर रुंद पत्रा घ्या, दहा हजार चौरस सेंटिमीटर. त्यावर १० टन. ऊस भरलेली ट्रॉली त्या पत्र्यावर उभी आहे असं समजा. त्यात तुमचं डिझाइन असं की बाहेरची टाकी फुगायला बघणार आणि आतली जाळाची नळी चेपायला बघणार. बाहेरून दाब आला की गोल नळी अचानक बसते, कागदाच्या पेल्यासारखी, आधी सांगत नाही. म्हणून जुन्या बॉयलरांच्या भट्टीनळ्यांना लाटा पाडलेल्या असायच्या किंवा भोवती कडी असायची, साधा पाइप नसायचा.

आता समजा वीज गेली. तुम्हीच म्हणालात, जाते. पंप थांबला, लाकूड भरलेलं आहे, आग काही वीज गेली म्हणून विझत नाही. १ किलो दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, नुसतं तापत राहतं. आणि अशात एक सांधा सुटला तर? २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर. १२० वरून १०० वर येताना त्यातली २८ किलो वाफ एका क्षणात होणार. ती ४५ घनमीटरहून जास्त जागा मागते. तुमची बैठकीची खोली भरून वाहील एवढी. ट्रेलर आणि फाटकं वेल्ड करणाऱ्याने या कामाला हात लावू नये. राग मानू नका. मी पण वेल्डर नव्हतो, आणि आमच्याकडे ज्यांना दाबाच्या कामाचं प्रमाणपत्र होतं त्यांचाही प्रत्येक सांधा तपासला जायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह लावतो म्हणाल. लावा. पण ज्या भांड्याला सेफ्टी व्हॉल्व्हचाच आधार आहे ते भांडं घराच्या अंगणात नको.

म्हणून पहिली गोष्ट: बाहेरचं पाणी उघडं. वर खुली वाफनळी, मधे एकही व्हॉल्व्ह नाही. घरातली बंद यंत्रणा वेगळी. दोघांच्या मधे प्लेटवाला हीट एक्स्चेंजर. इकडचं पाणी तिकडे जात नाही, फक्त उष्णता जाते. उघड्या पाण्यात हवा मिसळते म्हणजे गंज आलाच, त्याला औषध घालावं लागतं आणि पीएच तपासावा लागतो, दर हंगामाला. आम्ही तर पाळीगणिक तपासायचो.

आता बंबातली चुकीची गोष्ट. जाळाच्या अंगाला पाणी टेकवणं. बंबाची नळी आतून कधी हाताने पुसली आहे का? काजळी नाही नुसती, चिकट काळं डांबर असतं. लाकडाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग आधी वायू होऊन निघतो आणि मग जळतो, निखारा होतो तो उरलेल्याचा. तो वायू पुरा जळायला ६०० अंशांच्या वर जागा गरम लागते. तुम्ही त्याच्या चारी बाजूंना ७०-८० अंशांचं पाणी ठेवलंत तर भिंतीला लागलेला जाळ जागीच विझतो. ताईंच्या शेजाऱ्याचा पिवळा धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. अर्धं सरपण चिमणीतून फुकट.

कारखान्यात आम्ही काय जाळायचो? बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड. त्यात निम्मं पाणी असतं, ५० टक्के. हातात घेतलं तर ओलं लागतं. तरी धडधडून जळतं, कारण भट्टी विटांनी तापलेली असते आणि खालून येणारी हवा आधीच गरम केलेली असते. जाळ आधी पुरा होऊ द्यायचा, मग त्याच्या वाटेत पाण्याच्या नळ्या आणायच्या. या क्रमाला पर्याय नाही, मग भट्टी कारखान्याची असो की तुमच्या परसातली.

तुमच्या मापाला लावून सांगतो. वर लाकडाचं कोठार. त्याच्या तळाशी अग्निविटेत एक फट. पंखा धुराला खाली त्या फटीतून ओढतो, तिथेच दुसरी हवा मिळते, आणि फटीखालच्या विटांच्या खोलीत निळसर-पांढरा जाळ घोंघावत जळतो. त्यानंतर उभ्या नळ्या, त्यांच्याभोवती पाणी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अशी भट्टी मंद जाळायची नसते. पेटवली की पूर्ण जाळायची आणि उष्णता मोठ्या टाकीत साठवायची. २००० लिटरची टाकी ८५ वरून ५० पर्यंत उतरली तर ७०,००० किलोकॅलरी देते. तुमच्या घराला कडाक्याच्या थंडीत तासाला १०,००० लागत असतील तर रात्रीचे सात तास आगीशिवाय निघाले. टाकी घरात ठेवा म्हणजे तिची गळती पण घरालाच.

आणखी एक. परतीचं पाणी ६० अंशांच्या खाली भट्टीत येऊ देऊ नका. धुरातली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते, तिच्यात आम्ल असतं, पत्रा आतून खाते. त्यासाठी मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह मिळतो. तो वाचवला तर तुमची ६ मिलिमीटरची प्लेट काही वर्षांत चाळणी होईल. घ्या, जाडीचं उत्तर पण आलं.

आणि ती प्रोपेनची टाकी, रिकामी आहे म्हणून गॅस कटर लावू नका. वास येत असेल तर आत अजून आहे. पाण्याने काठोकाठ भरल्याशिवाय तिला ठिणगी दाखवायची नाही.

बर्फातला_बंब

काका, दंडवत. दोनदा वाचलं, मग जेवलो, मग परत वाचलं.

सैल झाकणाचं तर मला आजोळच्या न्हाणीतच नेऊन बसवलंत. ते थडथडणं आठवतं मला. आजी नाही, मामी ओरडायची.

काल फिनिश आजोबांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे परसात सौना (घाम काढायची गरम खोली) आहे, इथे प्रत्येक जुन्या फिनिश घराला असतेच. मुद्दाम तिची शेगडी उघडून बघितली. आत विटा, वर दगड, आणि पाण्याची टाकी एका बाजूला, धुराच्या वाटेवर. जाळाला चिकटून नाही! त्यांना विचारलं, असं का? ते म्हणाले, माझ्या वडिलांनी अशीच केली होती. तुमच्या क्रमाचं त्यांना माहीत असावं, नाहीतर त्यांच्या वडिलांना.

हिशेब मांडून बघितला. ९०० गॅलन प्रोपेन, गॅलनला ९१,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक), माझ्या बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर घरात पोचले सुमारे ७ कोटी बीटीयू. वाळलेल्या शुगर मेपलच्या एका कॉर्डमध्ये (४ गुणिले ४ गुणिले ८ फुटांचा ढीग) २.४ कोटी. माझ्या बंबात ४० टक्के हाती लागले असते तर सव्वासात कॉर्ड. तुमच्या विटांच्या भट्टीत ७० टक्के धरले तर सव्वाचार. म्हणजे तीन कॉर्ड लाकूड तोडणं, फोडणं, रचणं वाचतं. इथे माझ्या पाठीने तुमच्या बाजूने मत दिलं.

टाउनशिपमध्येही जाऊन आलो. बाईंनी दोन पानी अर्ज दिला आणि विचारलं, "घरी बनवणार?" मी म्हटलं, "आता नाही वाटत." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला असं मला वाटलं, किंवा माझाच असेल.

मग आता काय करावं?

जुना_फायरमन

भट्टी प्रमाणपत्रवाली विकत घ्या. बाकी सगळं स्वतः करा. टाकी, चर, नळ्या, पंप, शेड, यात हौस फिटेल एवढं काम आहे. आणि या वर्षी पेटवू नका. लाकूड आत्ता तोडा, फोडा, वर छप्पर आणि बाजू उघड्या ठेवून रचा, पुढच्या वर्षी जाळा. ओलं लाकूड घातलं तर कितीही चांगली भट्टी रडते. ओलावा मोजायचं यंत्र स्वस्त मिळतं. ओंडका तिथल्या तिथे फोडून आतल्या ताज्या भागावर टोचायचं, बाहेरच्या वाळलेल्या टोकावर नाही. २० टक्क्यांखाली आलं की तयार.

कुडकुडे_ताई

काकांना माझ्याकडून पण नमस्कार. आमचा शेजारी हे वाचू शकला असता तर.

बर्फातला_बंब

ठरलं. या उन्हाळ्यात चर, लाकूड आणि माळ्यावरचं इन्सुलेशन. भट्टी पुढच्या वर्षी. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे या हिवाळ्यात पण प्रोपेन?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटचा प्रश्न, लाकूडतोड्या तुम्हाला. खणायचं मशीन जूनमध्ये दोन दिवस भाड्याने आणतोय. फोमवाल्या नळीबरोबर चरात आणखी काही टाकून ठेवू का?

लाकूडतोड्या

टाका. विजेची वायर स्वतंत्र कंड्युटमध्ये (वायर ओवायच्या पाइपमध्ये), तापमापकाची वायर दुसऱ्यात, आणि एक रिकामा कंड्युट आत दोरी ओवून. काय लागेल ते आज सुचत नाही, फेब्रुवारीत सुचतं. चर बुजवायच्या आधी टेप धरून फोटो काढा, घराच्या कोपऱ्यापासून किती फुटांवर काय आहे ते दिसेल असे. मी काढले नव्हते. दुसऱ्यांदा उकरताना फावड्याने माझीच इंटरनेटची तार तोडली.